आधी नंबर प्लेट, मग विमा

न्यूयॉर्क राज्यात गाडीचा विमा बंद पडला की मोटार वाहन खातं, म्हणजे डीएमव्ही, तिचं रजिस्ट्रेशन निलंबित करतं. विम्यातला खंड ९१ दिवसांवर गेला की मालकाचं ड्रायव्हिंग लायसनही निलंबित होतं. त्या काळात गाडी रस्त्यावर आली होती का, हे कुणी विचारत नाही. आईवडिलांच्या दुखण्यासाठी चार-सहा महिने भारतात राहून परतलेल्या मराठी माणसाच्या हाती हा आदेश पडतो तेव्हा तो हादरतो. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध मी पुष्कळ ऐकलं आहे. ते सगळं इथे एका मामांच्या आणि त्यांच्या भाचीच्या तोंडी घातलं आहे. दोघंही अनेकांच्या बोलण्यातून उभे केलेले आहेत. मामा मूळचे साताऱ्याचे, ऑल्बनीजवळच्या उपनगरात राहतात, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करतात. भाची क्वीन्समध्ये एका विमा एजन्सीत नोकरीला आहे आणि शनिवार-रविवार त्यांच्याकडे आली आहे.

मामा : गाडी गॅरेजमध्ये होती गं. बॅटरीची वायरसुद्धा काढून ठेवली होती. आईचं ऑपरेशन झालं, मग ती अंथरुणालाच खिळली, पंधरा दिवसांसाठी गेलेला मी तिथेच अडकलो. विमा कंपनीला साताऱ्याहून फोन केला. म्हटलं, गाडी हलणार नाही तर हप्ता कशाला भरू? फोनवरच्या बाईंनी ‘बरं’ म्हटलं आणि पॉलिसी बंद केली. परत आलो तर टपालाच्या गठ्ठ्यात डीएमव्हीची पाकिटं. आधी विचारणा, मग आदेश. रजिस्ट्रेशन सस्पेंड, लायसन सस्पेंड. मी कुणाला धडकलो का? कुणाच्या अंगावर गाडी घातली का?

भाची : नाही मामा. पण नंबर प्लेट गाडीवरच होत्या ना?

मामा : मग कुठे असणार?

भाची : सगळी गोम तिथेच आहे. गाडी चालली की नाही हे या राज्याचा कायदा बघत नाही, प्लेट कुणाच्या नावावर आहेत ते बघतो. प्लेट तुमच्या नावावर आहेत तोवर लायबिलिटी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, चालूच पाहिजे. गाडी गॅरेजात असू दे, बंद पडलेली असू दे, तिचं इंजिन उतरवलेलं असू दे. विमा थांबवायचा असेल तर आधी प्लेट काढून डीएमव्हीला परत करायच्या, एफएस-६टी नावाची पावती घ्यायची, आणि त्यानंतर विमा कंपनीला फोन करायचा. तुम्ही फोन केलात, प्लेट मात्र गाडीवरच राहिल्या.

मामा : प्लेट परत करायच्या असतात हे मला ठाऊकच नव्हतं. साताऱ्यात माझ्या स्कूटरला एमएच-११ची पाटी लागली ती लागली. स्कूटर विकली तेव्हा पाटीसकट गेली.

मामांचं हे म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. आपल्याकडे नंबर वाहनाला चिकटलेला असतो. मालक बदलला तरी सातारचा नंबर सातारचाच राहतो, आरटीओत फक्त नाव बदलतं. न्यूयॉर्कमध्ये प्लेट मालकामागे जाते. गाडी विकताना विकणारा ती काढून घेतो आणि दुसऱ्या गाडीला लावतो किंवा राज्याला परत करतो. म्हणून तिथे प्लेट जमा करणं म्हणजे ‘या गाडीची रस्त्यावरची जबाबदारी मी आजपासून सोडली’ असं सरकारला सांगणं. जन्मभर दुसरी रीत पाहिलेल्या माणसाला हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मामा : आणि समजा मी चुकलो. तरी लायसन काढून घेण्याआधी कुणी माणूस माझ्याशी बोलायला नको?

भाची : माणूस त्यात येतच नाही, मामा. पॉलिसी सुरू झाली, बंद झाली, रद्द झाली, हे प्रत्येक विमा कंपनीला डीएमव्हीच्या यंत्रणेला संगणकावरूनच कळवावं लागतं. रजिस्ट्रेशनसमोर पॉलिसी दिसेनाशी झाली की पत्र आपोआप निघतं. तुम्ही उत्तर दिलं नाही की पुढचं पत्र म्हणजे आदेश. पत्र तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावर गेलं, तुम्ही तिथे नव्हतात.

मामा : आईच्या उशाशी होतो.

भाची : मला माहीत आहे. पण माझ्या टेबलाशी दुसऱ्या बाजूची माणसंही येतात, त्यांचंही ऐका. रस्ता ओलांडताना गाडीने उडवलेला माणूस येतो. धडक देणाऱ्याकडे विमा नाही, बँकेत पैसे नाहीत, कोर्टाने हुकूमनामा दिला तरी वसूल काय करणार? या जखमी माणसाच्या घरात कुणाकडेच गाडी नाही, म्हणजे स्वतःच्या पॉलिसीचाही आधार नाही. अशांसाठी राज्याने १९५८ साली एमव्हीएआयसी नावाची संस्था काढली. ती भरपाई देते, पण तिलाही मर्यादा आहे. मांडीचं हाड मोडून सहा महिने घरी बसलेल्या रंगाऱ्याला ती किती दिवस पुरेल? विम्याची सक्ती त्याच्यासाठी आहे. मॅसॅच्युसेट्सने ती १९२७ पासून लावली, न्यूयॉर्कने १९५६ साली कायदा केला. त्याआधी बहुतेक ठिकाणी एकदा अपघात करून मोकळं व्हायचं आणि दुसऱ्या अपघाताआधी ऐपत दाखवायची, अशी पद्धत होती. पहिल्या अपघातातला माणूस कुणाच्याच हिशेबात नव्हता.

मामा : त्या माणसाचं मला दुःख आहे. पण त्याला माझ्या गॅरेजातल्या गाडीने उडवलेलं नाही. आणि ऐक, आल्यापासून मीही वाचत बसलोय. १९७१चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, बेल विरुद्ध बर्सन. जॉर्जियातला एक पाद्री, तीन खेड्यांत फिरून धर्मकार्य करणारा, गाडीवाचून त्याचं काम चालूच शकत नव्हतं. एक पाच वर्षांची मुलगी सायकलवरून येऊन त्याच्या गाडीच्या बाजूला आदळली. विमा नव्हता. मुलीच्या घरच्यांनी ५,००० डॉलर मागितले. तितकी रक्कम अनामत ठेव, नाहीतर लायसन सस्पेंड, असं राज्य म्हणालं. चूक त्याची होती का, हे सुनावणीत विचारायलाही तयार नव्हतं. न्यायालयाने काय सांगितलं? एकदा दिलेलं लायसन माणसाच्या पोटापाण्याचं साधन बनतं, ते रीतसर सुनावणीशिवाय काढून घेता येत नाही. माझं म्हणणं याहून वेगळं काय आहे?

भाची : निकाल पुढे वाचलात का?

मामा : पुढे काय आहे?

भाची : त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं आहे की विमा किंवा तारण नसलेल्या कुणालाच लायसन द्यायचं नाही असा सरसकट नियम राज्याने केला असता, तर तो घटनेविरुद्ध ठरला नसता. जॉर्जियाने तसा नियम केला नव्हता. तिथे अपघात झाल्यावरच कायदा जागा व्हायचा, म्हणून चूक कुणाची हा प्रश्न त्या कायद्याच्या पोटातच होता आणि तोच ऐकायला राज्य नकार देत होतं. न्यूयॉर्कने नियम सरसकट केला. इथे प्रश्न एकच, अमुक तारखेला पॉलिसी होती की नव्हती. असली तर कंपनी संगणकावर कळवते आणि आदेश रद्द होतो. तुमची नव्हती.

मामा थोडा वेळ गप्प बसले. न्यायालयापुढे त्यांची बाजू लंगडी पडते, हे मलाही मान्य करावं लागतं. पण घटनेत बसणारा प्रत्येक नियम शहाणपणाचा असतोच असं नाही, आणि मामांनी पुढचं बोट नेमकं तिथे ठेवलं.

मामा : बरं, कोर्ट सोड. कॅलिफोर्नियात काय करतात? गाडी चालवणार नाही, सार्वजनिक रस्त्यावर उभीही करणार नाही, असं प्रतिज्ञापत्र लिहून दिलं की विम्याविना रजिस्ट्रेशन राहतं. प्लेट काढायची गरज नाही. आणि विम्यावाचून रजिस्ट्रेशन निलंबित झालंच, तर नवा विमा दाखवून १४ डॉलर भरले की काम झालं. तिथल्या रस्त्यांवर पायी चालणारी माणसं नाहीत का?

भाची : आहेत. आणि प्रतिज्ञापत्र देऊन बिनदिक्कत गाडी चालवणारेही आहेत. प्लेट गाडीवर आहे तोवर पोलिसाला लांबून सगळं ठीकच दिसतं. प्लेट काढली की गाडी रस्त्यावर आणायची हिंमत होत नाही. न्यूयॉर्कचा भरवसा शब्दावर नाही, वस्तूवर आहे.

मामा : म्हणजे सगळे खोटं बोलणार असं धरून चालायचं.

भाची : सगळे नाही. पण जो खोटं बोलेल त्याच्या गाडीखाली कोण येईल, हे आधी कळत नाही.

मामा : मग दंडाचा हिशेब तरी सरळ ठेवा. खंड ९० दिवसांपर्यंत असेल तर पैसे भरून सुटका. पहिले ३० दिवस रोजचे ८ डॉलर, पुढचे ३० दिवस १०, त्यापुढचे ३० दिवस १२. पूर्ण ९० दिवसांचे ९०० डॉलर झाले. ते भरले की ना रजिस्ट्रेशन जात, ना लायसन. आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी? मी ९,००० घेऊन गेलो तरी कुणी घेणार नाही. जितके दिवस विमा नव्हता तितके दिवस दोन्ही बंद. एका रात्रीत माझ्या गाडीपासूनचा धोका इतका वाढला?

भाची : रेघ कुठेतरी ओढावीच लागते. आणि पैसे भरून सुटण्याची सवलतही ३६ महिन्यांत एकदाच मिळते, नाहीतर लोक हप्ता भरण्याऐवजी दंडच भरत बसतील. पण एक कबूल करते. रजिस्ट्रेशन जाणं मला समजतं, गाडीला विमा नव्हता. लायसन जाणं समजवायला मलाही जड जातं. तुम्ही चांगले ड्रायव्हर आहात की वाईट, याचा विम्याच्या हप्त्याशी संबंध नाही. मामी तिची गाडी तुम्हाला देऊ शकते, त्या गाडीचा विमा चालू आहे, तुमचं नाव त्यावर आहे. तरी तुम्ही ती चालवायची नाही.

मामा : रात्री अकराला माझी पाळी सुरू होते. बस दोनदा बदलावी लागते आणि परतीची पहाटेची गाडी मिळायला थांब्यावर तास जातो. जानेवारीत उणे पंधरात उभं राहून बघ. काल मनात आलंच, सगळं मिळून वीस मिनिटांचा रस्ता आहे, कोण विचारतंय?

भाची : मामा, हे मनातून काढून टाका. सस्पेंड लायसनवर गाडी चालवणं इथे साधा ट्रॅफिक दंड नाही, फौजदारी गुन्हा आहे. वाहन कायद्याचं ५११ कलम. अगदी खालच्या पायरीलाही २०० ते ५०० डॉलर दंड आणि ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचं ग्रीन कार्ड आहे. गुन्ह्याची नोंद झाली तर तिचं उत्तर पुढे कुठे कुठे द्यावं लागेल! आणि विम्याविना गाडी चालवताना सापडलात तर १,५०० डॉलरपर्यंत दंड, वर ७५० डॉलरचा दिवाणी दंड, आणि किमान एक वर्ष लायसन रद्द. तेव्हा निलंबन नाही, रद्दच.

मामा : हेच मी म्हणतोय. काम सोडता येत नाही म्हणून माणूस गाडी काढतो, आणि कागदाच्या चुकीचा गुन्हेगार होतो. कायद्याला सुरक्षित रस्ता हवा असेल तर माझ्यासारख्याला त्या काठावर नेऊन का ठेवायचं?

भाची : याला माझ्याकडे उत्तर नाही. राज्याला हे कळत नाही असंही नाही. ट्रॅफिकचा दंड भरला नाही म्हणून लायसन सस्पेंड करायची पद्धत न्यूयॉर्कने २०२० च्या अखेरीस कायदा करून बंद केली, हप्त्याने दंड भरायची सोय दिली. कारण हेच होतं, गरीब माणूस लायसन जातं म्हणून कामावर जात नाही आणि कामावर जात नाही म्हणून दंड भरू शकत नाही. तो विचार विम्यातल्या खंडापर्यंत पोचला असता तर बरं झालं असतं. पण आज जो कायदा आहे त्यात तुम्ही काय करायचं ते बघू. प्लेट अजून गाडीवरच आहेत?

मामा : आहेत.

भाची : मग उठा. त्या जमा झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनच्या निलंबनाचे दिवस मोजायलाच सुरुवात होत नाही.

दोघं गॅरेजमध्ये गेले. गेल्या हिवाळ्यांत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने मागच्या प्लेटचे स्क्रू गंजून लाल झाले होते, पेचकस नुसताच फिरत होता. भाचीने गंजावरचं तेल फवारलं, थोडं थांबायला लावलं, मग मामांनी पकडीने डोकं धरून स्क्रू सोडवला. प्लेटभोवतीची डीलरच्या नावाची चौकट तिने बाजूला काढली, कारण ती प्लेटबरोबर पाठवायची नसते. मधल्या वेळात ती पुढचं सांगत राहिली.

भाची : टपालानेही पाठवता येतात, पीडी-७ नावाचा अर्ज भरून. पण तुम्हाला ऑफिस जवळ आहे, हाताने द्या आणि पावती तिथल्या तिथे घ्या. ती पावती पासपोर्टच्या फायलीत ठेवा. मुदत संपली की लायसनसाठी ५० डॉलर भरायचे. ते भरल्यावर डीएमव्हीकडून लायसन खरंच खुलं झालं याची खात्री करा, तोवर गाडी काढायची नाही. गाडीसाठी नवा विमा घ्या, मग नव्याने रजिस्ट्रेशन, नव्या प्लेट.

मामा : विमा मामीच्या नावावर घेतला तर? माझा हप्ता आता वाढवणारच ते.

भाची : रजिस्ट्रेशन ज्याच्या नावावर, विमाही त्याच्याच नावावर लागतो. हप्ता वाढेल हे खरं, विम्यात खंड पडलेल्या माणसाकडून बहुतेक कंपन्या जास्त घेतात. आणि नाव लायसनवर आहे तसंच्या तसं घाला. आपल्या लोकांचं इथेच बिनसतं. लायसनवर मधलं नाव वडिलांचं, पॉलिसीवर नुसतं आद्याक्षर, रजिस्ट्रेशनवर तेही नाही. विमा चालू असतो, हप्ते भरलेले असतात, पण संगणकाला जुळणी सापडत नाही आणि पत्र येतं. अशा वेळी विम्याचं कार्ड घेऊन धावण्यात अर्थ नाही, कंपनीला सांगून दुरुस्त नोंद संगणकावरून पाठवायला लावायची. गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन क्रमांकही कागदाशी ताडून बघा.

मामा : आणि दुसऱ्या राज्याचा विमा? शेजारचे नुकतेच न्यू जर्सीहून आलेत, जुनीच पॉलिसी चालू आहे त्यांची.

भाची : न्यूयॉर्कच्या प्लेटला न्यूयॉर्कचाच विमा हवा. त्यांना आजच सांगा.

मामा : सांगतो. पण माझं मत बदललेलं नाही हं. रजिस्ट्रेशन घ्या, दंड घ्या. उभ्या गाडीपायी माणसाचं लायसन घेऊ नका.

भाची : आणि माझंही बदललेलं नाही. प्लेट गाडीवर तर विमा हवाच. लायसनचं मात्र तुमचं मला पटतं.

माझं मत सांगतो. विम्याच्या सक्तीत ढिलाई नको, यात भाची बरोबर आहे. उडवल्या गेलेल्या माणसापुढे आपल्या वाचलेल्या हप्त्यांची किंमत काहीच नाही. न्यू हॅम्पशायर राज्यात विमा सक्तीचाच नाही, तसं इथे नको. व्हर्जिनियात वर्षाला ५०० डॉलर भरून विम्याविना गाडी ठेवता येत असे, ती वाट २०२४ च्या जुलैपासून बंद झाली. ती बंद झाली ते योग्यच झालं. पण विम्याविना गाडी चालवणारा आणि विम्याविना गाडी ठेवणारा, या दोघांना एकाच रांगेत उभं करणं मला चुकीचं वाटतं. गाडी न चालवल्याचा पुरावा देता येतो. ओडोमीटरचा आकडा तपासणीच्या नोंदीत असतो, पासपोर्टवर प्रवासाचे शिक्के असतात. असा पुरावा देणाऱ्याचं रजिस्ट्रेशन रोखा, दंडही घ्या, लायसन त्याच्याकडे राहू द्या. आणि ग्राहक पॉलिसी बंद करायला फोन करतो त्या क्षणी ‘प्लेट जमा केल्या का?’ एवढं विचारणं विमा कंपनीवर बंधनकारक करा. मामांना हा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. न्यूयॉर्कच्या विधिमंडळात आपल्या भागाच्या प्रतिनिधीला पत्र लिहिणं अवघड नाही, आणि असं निलंबन सोसलेल्या माणसाने ते जरूर लिहावं.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर न्यूयॉर्कच्या प्लेट असलेल्या वाचकांना कळकळीची विनंती आहे. भारतातून रात्री-अपरात्री फोन येतो, माणूस मिळेल त्या विमानाने निघतो, अशा वेळी प्लेट कुणाला आठवणार? म्हणून घाईत निघाला असाल तर विम्याला हातच लावू नका, हप्ता चालू राहू द्या. चार महिन्यांचा हप्ता चार महिन्यांच्या निलंबनापेक्षा स्वस्त पडतो. टपाल उघडून बघायला घरच्या किंवा शेजारच्या कुणाला तरी सांगून ठेवा. आणि विमा थांबवायचाच असेल, तर आधी प्लेट जमा करा, पावती हातात घ्या, आणि मगच कंपनीला फोन करा.